एका सभागृहाचा एकच रिमोट : कोडवहीच्या कामाच्या नोंदी

5 एप्रिल 2025

ठिकाण : यावल तालुक्यातलं शेतकरी प्रशिक्षणाचं सभागृह. केळीच्या ठिबकचे, खतमात्रेचे वर्ग इथे चालतात. आत एलजीचा एक टीव्ही, मंचामागे सोनीचा एक, एलजीचे दोन एसी, फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स, यूएसबी-ब्लूटूथ बोर्ड बसवलेला अॅम्प्लिफायर, मंचाच्या कडेची रंगीत एलईडी पट्टी आणि रिमोटवर चालणारे सहा बीएलडीसी पंखे. रिमोटांचा एक डबाच आहे. त्यातले काही मेलेत, काहींवरची अक्षरं पुसली आहेत.

करायचं ते असं : मंचाजवळच्या भिंतीवर 12 बटणांची पेटी, त्यात ईएसपी32 (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), आणि सगळ्या उपकरणांचे इन्फ्रारेड कोड (रिमोट अदृश्य प्रकाशाने पाठवतो ते आकडे) एका तक्त्यात. पेटी जोडणं सोपं आहे. खरा वेळ तक्त्याला द्यायचा, म्हणजे उद्या टीव्ही बदलला तर नव्या माणसाला प्रोग्रॅम उघडावा लागणार नाही, तक्त्यातल्या चार ओळी बदलल्या की झालं. म्हणून आज सोल्डरिंग गन काढलेली नाही. आधी तक्त्याचे रकाने ठरवले : उपकरण, काम, प्रोटोकॉल (कोड पाठवण्याची ठरलेली पद्धत), पत्ता (कोणत्या उपकरणासाठी), आज्ञा (कोणत्या कामासाठी), बिट (कोडात 0-1 किती), किती वेळा पाठवायचं, कोणत्या एलईडीवरून, प्रकार (उलटसुलट की ठाम), तपासल्याची तारीख.

'प्रकार' हा रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि पुढे अडकतात. त्याबद्दल 21 तारखेच्या नोंदीत.

7 एप्रिल

सामान जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलं. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा डोळा) घेताना एक गोष्ट पाहून घ्यावी. दुकानात 'टीएसओपी' म्हटलं की बहुतेकदा टीएसओपी1738 हातात येतो. तो 4.5 ते 5.5 व्होल्टवर चालतो आणि त्याचं आउटपुटही तेवढ्याच व्होल्टचं. ईएसपी32च्या पिना 3.3 व्होल्टच्या, त्यांना 5 व्होल्ट सोसत नाहीत. आर्डुइनो उनो किंवा नॅनो असेल तर 1738 चालेल. इथे टीएसओपी38238 घेतला, तो 2.5 व्होल्टपासून चालतो. व्हीएस1838बी पण चालला असता.

पिनांचा क्रम वेगळा असतो, डोळा आपल्याकडे करून डावीकडून मोजायचं. 1738 : ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. 38238 आणि 1838बी : आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाच्या जागी दुसरा लावला की सप्लाय उलटा जातो, रिसीव्हर तापतो आणि मरतो.

रिसीव्हरच्या सप्लायला 100 ओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्वस्त अॅडॉप्टरचा खरखराट इथेच अडतो. हे नसलं तर कुणी बटण दाबलेलं नसतानाही कोड आल्यासारखं दिसतं.

9 एप्रिल

कोड वाचायला सुरुवात. ईएसपी32वर आयआररिमोटईएसपी8266 ही लायब्ररी (तयार प्रोग्रॅमांचा संच), रिसीव्हर पिन 14वर. रिमोट रिसीव्हरपासून वीतभर ते हातभर लांब. अगदी चिकटवून धरला तर रिसीव्हर भरून जातो आणि पल्सच्या लांब्या बिघडतात.

पहिलाच रिमोट एलजी टीव्हीचा, पॉवर बटण. हे एक बटण नीट समजून घेतलं की निम्मं काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रोटोकॉल एनईसी, वाहक लहर (पल्सच्या आत प्रकाश ज्या वेगाने लुकलुकतो ती) 38 किलोहर्ट्झ. सुरुवातीला 9 मिलिसेकंदांचा पल्स, मग 4.5 मिलिसेकंदांचा खंड. त्यानंतर 32 बिट. प्रत्येक बिटचा पल्स सुमारे 562 मायक्रोसेकंदांचा. त्यामागचा खंड तेवढाच असेल तर 0, तिप्पट म्हणजे सुमारे 1687 असेल तर 1. आधी पत्ता, मग त्याचा उलटा (0च्या जागी 1, 1च्या जागी 0), मग आज्ञा, मग तिचा उलटा. एलजी टीव्हीचा पत्ता 4, पॉवरची आज्ञा 8.

आता घोळ इथे होतो. एनईसीत प्रत्येक बाइटचा (8 बिटांच्या गटाचा) सर्वांत लहान बिट आधी येतो. जुन्या लायब्रऱ्या आणि जुने कोडसंग्रह बिट आले त्याच क्रमाने लिहितात, तेव्हा हेच पॉवर बटण हेक्समध्ये (0 ते 9 आणि ए ते एफ अशा 16 अंकांच्या पद्धतीत) 20-डीएफ-10-ईएफ असं दिसतं. आयआररिमोट लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या बिट सरळ करून एफ7-08-एफबी-04 असं दाखवतात. आणि पत्ता-आज्ञा म्हणून लिहिलं तर नुसतं 4 आणि 8. तिन्ही एकच. एका माणसाने पहिल्या पद्धतीने लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्या, की तक्ता कामातून गेला. कोणता आकडा कुठल्या क्रमातला हे नंतर नुसतं बघून सांगता येत नाही.

म्हणून नियम : तक्त्यात फक्त पत्ता आणि आज्ञा, तेही दशमान अंकांत. एलजी टीव्ही : पॉवर 8, आवाज वाढ 2, आवाज कमी 3, आवाज बंद 9. पाठवताना लायब्ररीतल्या एनईसीच्या एन्कोड फंक्शनला पत्ता आणि आज्ञा दिली की 32 बिट तेच बनवतं.

दशमानाला आणखी एक व्यवहारी कारण आहे. तक्ता एक्सेलमध्ये उघडणारच. 10-ई7 असा हेक्स आकडा मधल्या रेघा न घालता रकान्यात टाकला तर एक्सेल त्याला 'दहा गुणिले दहाचा सातवा घात' समजतं आणि सेव्ह करताना मूळ आकडा पुसून टाकतं. 00ने सुरू होणाऱ्यांची शून्यं उडतात. दशमानात ही दोन्ही दुखणी नाहीत.

12 एप्रिल

कच्च्या नोंदी ठेवायच्या का, यावर निर्णय. कच्ची नोंद म्हणजे प्रत्येक पल्स आणि खंडाची लांबी. एनईसीच्या एका बटणाला असे 67 आकडे होतात. उलगडलं, म्हणजे पत्ता आणि आज्ञा काढली, तर दोन. पण फक्त जागेचा प्रश्न नाही. रिसीव्हर वाहक लहर काढून टाकताना पल्स थोडा लांबवतो आणि खंड तेवढाच आखडतो. त्या कच्च्या लांब्या जशाच्या तशा परत पाठवल्या की समोरच्या टीव्हीचा रिसीव्हर त्यात आपली भर घालतो. जवळून चालतं, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून चालत नाही, आणि माणूस एलईडीला दोष देत बसतो. उलगडलेला कोड दर वेळी ताज्या, बरोबर लांब्यांनी तयार होतो.

दुसरं, असा रिसीव्हर वाहक लहरीची वारंवारिता सांगतच नाही. 38चा रिसीव्हर 36 आणि 40चे सिग्नलही जवळून पकडतो. कच्ची नोंद 38ने परत पाठवली तर सोनीचा 40 किलोहर्ट्झचा टीव्ही जवळून ऐकेल, लांबून नाही. प्रोटोकॉल ओळखला की वारंवारिता आपोआप बरोबर येते. कच्ची नोंद फक्त अशा बटणासाठी, ज्याचा प्रोटोकॉल लायब्ररीला ओळखता येत नाही. त्यासाठी वेगळी फाइल. मुख्य तक्त्यात ती मिसळायची नाही.

पडताळणी : एनईसीत आज्ञा आणि तिच्या उलट्याची बेरीज 255च यायला हवी. एलजी पॉवर : 8 अधिक 247. पत्त्याची बेरीज मात्र दर वेळी 255 येत नाही. फ्री डिश बॉक्सच्या रिमोटमध्ये आली नाही, कारण तिथे पत्ता 16 बिटचा, म्हणजे विस्तारित एनईसी. तो बिघाड समजून टाकून देऊ नये. पूर्ण पत्ता लिहावा.

16 एप्रिल

सोनी. 40 किलोहर्ट्झ, 2.4 मिलिसेकंदांचा सुरुवातीचा पल्स. इथे खंड सारखा 0.6 मिलिसेकंद आणि पल्सच लहानमोठा : 0.6 म्हणजे 0, 1.2 म्हणजे 1. 12, 15 किंवा 20 बिट. आपल्या टीव्हीची सगळी बटणं 12 बिटची नाहीत, काही 15ची आहेत, म्हणून 'बिट' हा रकाना प्रत्येक ओळीला हवाच. सोनीत उलटी प्रत नसते, 255ची पडताळणी नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबून तोच आकडा येतो का हेच पाहावं लागतं. सोनी एक फ्रेम (कोडाची एक पूर्ण प्रत) ऐकून हलत नाही. किमान तीन फ्रेम, 45 मिलिसेकंदांच्या अंतराने. तक्त्यात 'किती वेळा' = 3. हे विसरलं की कोड बरोबर असूनही टीव्ही ढिम्म राहतो.

रिमोटांच्या डब्यात आरसी5 प्रोटोकॉलचा एक जुना फिलिप्स रिमोट निघाला. उपकरण आता नाही, पण तक्त्यात तजवीज ठेवली. आरसी5मध्ये दर नव्या दाबाला एक बिट पलटतो. टीव्हीचा पत्ता 0 आणि पॉवरची आज्ञा 12, तरी 12 बिटांचा आकडा कधी 12 दिसतो, कधी 2060. दोन वेगळी बटणं नव्हेत, 2048चा फरक म्हणजे तो पलटणारा बिट. पाठवताना तो पलटवला नाही, तर उपकरणाला वाटतं बटण दाबूनच धरलंय, आणि दुसरा दाब ते गिळून टाकतं.

21 एप्रिल

उलटसुलट म्हणजे दर दाबाला अवस्था पलटवणारा कोड, ठाम म्हणजे फक्त चालू किंवा फक्त बंद करणारा. आपल्याकडे याचं महत्त्व फार, कारण लाइट जाते. लाइट परत आल्यावर एक टीव्ही स्टँडबायवर, दुसरा चालू, एसी मधेच, पंखे जसे होते तसे. अशा वेळी 'पॉवर' बटणाने चालू असलेलं बंद होतं आणि बंद असलेलं चालू. 'कार्यक्रम सुरू' असं एक बटण करायचं असेल तर उलटसुलट कोडावर ते उभंच राहू शकत नाही.

ठाम कोड रिमोटवर छापलेले नसतात, पण बऱ्याच टीव्हींमध्ये असतात. एलजीत पत्ता 4 : चालू 196, बंद 197, एचडीएमआय-1 साठी 206, एचडीएमआय-2 साठी 204. सोनीत पत्ता 1 : उलटसुलट पॉवर 21, चालू 46, बंद 47. सॅमसंगचा टीव्ही पुढे आला तर पत्ता 7, चालू 153, बंद 152. मात्र सॅमसंगचा प्रोटोकॉल वेगळा : सुरुवातीचा पल्स आणि खंड दोन्ही 4.5 मिलिसेकंद, आणि पत्त्याची उलटी प्रत नाही, तोच पत्ता दोनदा. प्रत्येक मॉडेल हे सगळे कोड मानतंच असं नाही, म्हणून तपासल्याची तारीख नसलेली ओळ पेटीत चढवायची नाही. दोन्ही टीव्हींवर तपासले, चालतात.

सेट-टॉप बॉक्सला ठाम कोड नाही. तो कायम चालूच ठेवायचा, तक्त्यात त्याचं पॉवर बटण मुद्दाम घेतलेलं नाही.

पंख्यांची अडचण निराळी. सहाही पंखे एकच कोड ऐकतात. एखाद्याने एक फ्रेम चुकवली की पाच बंद आणि एक चालू, मग पुढच्या दाबाला पाच चालू आणि एक बंद. पण या पंख्यांत गतीचं बटण दाबलं की बंद पंखाही सुरू होतो. म्हणून 'सगळे बंद' हे काम असं लिहिलं : आधी 'गती 1' दोनदा, अर्धा सेकंद थांबून पॉवर एकदा. पहिल्या आज्ञेने सहाही पंखे चालू अवस्थेत येतात, दुसरीने एकत्र बंद होतात. पॉवर मात्र एकदाच पाठवायचा. खात्रीसाठी म्हणून दोनदा पाठवला की सगळे पुन्हा फिरायला लागतात.

30 एप्रिल

आखाजीमुळे (अक्षय्य तृतीया) सभागृह रिकामं, एसीचं काम निवांत घेतलं.

एसीचा रिमोट टीव्हीसारखा नसतो. 'तापमान वाढव' असा कोडच नसतो. कोणतंही बटण दाबा, रिमोट आपल्या पडद्यावरची सगळी स्थिती पाठवतो : चालू-बंद, मोड, तापमान, पंखा. म्हणून एसीचं 'अधिक' बटण शिकवून ठेवलं तर ते दर वेळी शिकवतानाचंच तापमान लावतं. तक्त्यात बटणं नकोत, स्थिती हव्यात. इथे चारच घेतल्या : बंद, गार 24, गार 26, नुसता पंखा.

एलजी एसीचा हा प्रकार 28 बिटचा. 'बंद' हेक्समध्ये असा : 88, मग सी-0-0-5, शेवटी 1. 88 ही ओळख. मधले चार अंक म्हणजे माहिती, त्यातला तिसरा तापमान. शेवटचा अंक तपासणीचा : मधल्या चारांची बेरीज करायची, 16ने भागून उरेल तो. सी म्हणजे 12, अधिक 5, झाले 17, उरला 1. तापमान थेट लिहीत नाहीत, 15 वजा करून लिहितात : 24ला 9, 26ला बी. तापमान बदललं आणि शेवटचा अंक तसाच ठेवला तर एसी फ्रेम मुकाट फेकून देतो, बीपसुद्धा नाही. लायब्ररीच्या एलजी एसी वर्गाला स्थिती सांगितली तर हा हिशोब तो स्वतः करतो. तक्त्यात एसीच्या ओळीला पत्ता-आज्ञा रकाने रिकामे, त्याऐवजी 'मोड=गार, तापमान=24, पंखा=मध्यम'.

दुसऱ्या कंपनीचा एसी वाचायचा असेल तर वाचनाचा प्रोग्रॅम आधी बदलावा. काहींच्या फ्रेम खूप लांब असतात, डायकिनचा एक प्रकार 35 बाइटचा आहे आणि तुकड्यांत येतो, मधे मोठे खंड. 15 मिलिसेकंदांचा टाइमआउट (किती शांततेनंतर वाचन संपलं मानायचं ती वेळ) ठेवला तर पहिल्या तुकड्यालाच वाचन थांबतं. टाइमआउट 50 मिलिसेकंद, बफर (नोंद साठवायची जागा) 1024.

4 मे

पाठवणारा भाग. एलईडी टीएसएएल6200, 940 नॅनोमीटर, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 17 अंशांपर्यंत निम्मा जोर. दोन एलईडी सभागृहाकडे, थोड्या वेगवेगळ्या दिशांना. प्रत्येकीला स्वतःचा 2एन2222 ट्रान्झिस्टर, बेसला 470 ओहम, कलेक्टरच्या बाजूने 5 व्होल्टकडे 33 ओहम. हिशोब : 5 वजा एलईडीचे 1.35 वजा ट्रान्झिस्टरचे सुमारे 0.3, उरले 3.35, भागिले 33, सुमारे 100 मिलिअँपिअर. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घेतला. नेहमीच्या कामात पाव वॉटचाही पुरतो, पण प्रोग्रॅम अडकून पिन चालूच राहिली तर 0.33 वॉट होतात आणि पाव वॉटचा करपतो. एलईडीच्या सप्लायजवळ 100 मायक्रोफॅरड. बीसी547 इथे वापरू नये, त्याची मर्यादाच 100 मिलिअँपिअर. 2222च्या प्लॅस्टिक रूपांत पीएन2222 आणि पी2एन2222 यांचे पाय एकमेकांच्या उलट असतात, मीटर लावूनच बसवावा.

पिन 4 एलईडीसाठी. 34 ते 39 या पिना फक्त इनपुट आहेत, तिथे जोडलं तर काहीच होत नाही. प्रोग्रॅममध्ये वाय-फाय बंद ठेवलं, पेटीला त्याची गरज नाही आणि पल्सच्या वेळेत ढवळाढवळ नको.

एलईडी पेटते का हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहायचं, जांभळट ठिपका दिसतो. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

8 मे

टक्कर. अॅम्प्लिफायरवर 'पुढचं गाणं' दाबलं की मंचाची रंगीत पट्टी बंद, पुन्हा दाबलं की चालू. कोड पाहिले : अॅम्प्लिफायरच्या यूएसबी बोर्डाचा रिमोट 21 बटणांचा, एनईसी, पत्ता 0, 'पुढचं गाणं' 64. पट्टीचा रिमोट 44 बटणांचा, एनईसी, पत्ता 0, पॉवर 64. हे दोन्ही रिमोट बाजारात वेगवेगळ्या नावांनी सर्रास मिळतात आणि पत्ता 0च वापरतात. आवाज वाढवण्याच्या 21लाही पट्टीकडे रंगाचं एक बटण आहे. कोडात यावर उपाय नाही, दोन्ही उपकरणं आपापल्या जागी बरोबरच ऐकतायत.

उपाय प्रकाशाचा. पट्टीच्या कंट्रोलरचा डोळा बारीक वायरवर लोंबतो, तो मंचाच्या फळीमागे नेला. अॅम्प्लिफायरसाठी वेगळी एलईडी, वेगळी पिन (18), लांब वायरने थेट त्याच्या डोळ्यावर, भोवती हीटश्रिंक नळी आणि वरून अॅल्युमिनियमची टेप. काळ्या टेपवर भिस्त ठेवू नये, काही काळ्या टेपमधून इन्फ्रारेड आरपार जातं. अॅम्प्लिफायर सरळ ऐकू शकतो म्हणून तिथे रेझिस्टर 220 ओहमचा, गळती कमी. तक्त्यातला 'कोणत्या एलईडीवरून' रकाना यासाठीच होता : टीव्ही, एसी, पंखे 'अ'वर, अॅम्प्लिफायर 'ब'वर. पट्टी पेटीतून काढली, ती भिंतीवरच्या खटक्याने चालेल.

नवं उपकरण घेण्याआधी त्याचा पत्ता वाचून तक्त्यात शोधावा. पत्ता आणि प्रोटोकॉल दोन्ही जुळले तर टक्कर होऊ शकते.

13 मे

तक्ता पेटीत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने) ईएसपी32च्या लिटलएफएसवर (त्याच्या आतल्या फाइल साठ्यावर), सुरू होताना वाचली जाते. नावं मराठीत, 'टीव्ही1.चालू', 'एसी.गार24' अशी, आधी उपकरण मग काम, म्हणजे अक्षरक्रमाने लावलं की एका उपकरणाच्या ओळी एकत्र येतात. एक्सेलमध्ये देवनागरी नीट दिसावी म्हणून 'यूटीएफ-8' निवडून सेव्ह केलं की फाइलच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट चिकटतात, आणि पेटीला पहिल्या रकान्याचं नावच सापडत नाही. वाचताना ते तीन बाइट ओलांडायचे, एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये.

आवाजाचं बटण दाबून धरलं तर एनईसीची पुनरावृत्ती फ्रेम : 9 मिलिसेकंद पल्स, 2.25 खंड, एक छोटा पल्स, दर 108 मिलिसेकंदांनी. एलजी टीव्ही ती मानतो. अॅम्प्लिफायर मानत नाही, त्याला पूर्ण फ्रेमच परत पाठवावी लागते. 'किती वेळा' रकान्यात त्याच्यासाठी वेगळी खूण.

19 मे

दुपारी तपासणी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट एलजी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर येतं तेव्हा कोड चुकतात. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, टीव्हीचा रिसीव्हर आपली संवेदनशीलता उतरवतो. एलईडीचा करंट वाढवण्यापेक्षा खिडकीला पडदा हा खरा इलाज. पडदा ओढल्यावर मागच्या भिंतीपासूनही चालतं. जुनी सीएफएल जिथे शिल्लक आहे तिथे रिसीव्हर कधी कधी भरकटतो, ती बदलायला सांगितली.

'कार्यक्रम सुरू' या बटणाची साखळी : एलजी टीव्ही 196, आठ सेकंद थांबा, एचडीएमआय-1 (206), सोनी 46 तीन फ्रेम, दोन्ही एसी गार 24, पंखे 'गती 2'. एलजीला आठ सेकंद द्यावेच लागतात, त्याआधी आलेला 206 तो ऐकत नाही. दोन वेगळ्या उपकरणांच्या आज्ञांमध्ये 200 मिलिसेकंद. 'कार्यक्रम संपला' : 197, 47, एसी बंद, मग पंख्यांची दोन टप्प्यांची आज्ञा.

तक्त्याची छापील प्रत पेटीच्या झाकणात आतून चिकटवली, फाइलची प्रत सभागृहाच्या संगणकावर. बटण 12 मोकळं आहे. प्रोजेक्टर आला की त्याचा पत्ता आधी शोधायचा, ठाम चालू-बंद सापडले तरच त्याला ते बटण द्यायचं.